जिताड्याचं डोकं

पाचूबंदरच्या बायजाकडून मासे घ्यायचे म्हणजे तिच्या दोन-चार प्रश्नांची उत्तरं द्यायची तयारी ठेवावी लागते. मासळी कापून होईपर्यंत ती गिऱ्हाइकाला काही ना काही विचारत राहते. डोळ्यांच्या एका डॉक्टरांना तिने विचारलं होतं, "माशाला पापनी नाय, मग तो झोपतो कसा?" डॉक्टर दोन दिवसांनी पुस्तक पाहून उत्तर घेऊन आले, आणि जाताना अर्धा किलो मांदेली घेऊन गेले. सातवीत शाळा सोडून बायजा आईच्या टोपलीपाशी येऊन बसली, ती आजतागायत. विचारायची सवय मात्र कुणाला सोडवता आली नाही.

तिची मुलगी उन्नती हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी सहा महिने खऱ्या हॉटेलात राबायचं असतं. उन्नतीने अर्ज केला तो पोर्तुगालमधल्या समुद्राकाठच्या एका लहानशा हॉटेलात.

"पोर्तुगाल म्हनजे आपला किल्ला बांधनारे?" बायजाने विचारलं.

"तेच."

"त्यांना इथून घालवलं, आनि आता तू त्यांची भांडी घासायला जानार?"

"भांडी नाही गं आये, किचनचं ट्रेनिंग. त्यांच्याकडे सगळं माशांचंच असतं."

"कोनते मासे?" बायजा लगेच सरसावून बसली. उन्नतीने मोबाइलवर फोटो दाखवले. एक फोटो बायजाने बोटाने मोठा केला. "ही तर आपल्या तारलीची बहीन! आनि तिथं भरती केवढी चढते?"

"मला काय माहीत!"

"सहा महिने जिथं राहनार, तिथलं पानी किती चढतं ते माहीत नाय?"

पासपोर्ट आला होता. पोलिसांची चौकशी होऊन गेली होती. स्वेटरसुद्धा घेऊन झाला होता. अडलं होतं ते हॉटेलच्या मुख्य शेफपाशी. जागा एकच आणि अर्ज अनेक देशांतून आलेले, म्हणून त्याने प्रत्येकाला मासा साफ करतानाचा व्हिडिओ मागितला. उन्नतीने विळीवर बसून दीड मिनिटात जिताडा कापला आणि ऐटीत पाठवून दिला. उत्तर आलं: हात सुरेख चालतो, पण असलं पातं आमच्याकडे नाही, आणि फिले, म्हणजे काट्यावरून सोडवलेले मांसाचे अखंड काप, कुठे आहेत? पुन्हा पाठवा. उभं राहून, सुरीने, एका माशाचे दोन बाजूंनी दोन फिले, एकही काटा नको. चार मिनिटं, व्हिडिओ मध्ये न थांबवता. दुसऱ्या कुणाची मदत चालणार नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत.

सोमवारपासून अंगणात ड्रमवर फळी टाकून सराव सुरू झाला. स्वस्तातले बोईट मासे घेतले होते. पहिल्या दिवशी उन्नतीने त्यांची अशी गत केली की मांजरसुद्धा आधी वास घेऊन मग पुढे आलं.

"काट्याशिवाय मासा खायचा, मग जिभेला काम काय?" बायजा म्हणाली. पण ती तिथून हलली नाही. पदर खोचून बघत राहिली. मग स्वतःच सुरी हातात घेतली. जन्मात कधी सुरीने मासा कापला नव्हता. एक बोईट वाया घालवून ती म्हणाली, "कळलं मना. विळीवर पातं गप उभं असतं, मासा फिरतो. इथं मासा गप पडलाय. तू अजून त्यालाच फिरवतेस. त्याला दाबून ठेव, सुरीला फिरव."

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट हेरली. "पातं मधल्या काट्यावर टेकव. कट्-कट् ऐकू येतंय ना? तोपर्यंत तू वाटेवर आहेस. आवाज गेला की समज, मांसात शिरलीस."

बाजारात बायजाच्या शेजारी टोपली लावणारी उर्सुला येता-जाता दोन दिवस हे पाहत होती. "काय गं बायजे, एवढी पोर शिकवलीस ती मासेच कापायला? मग माझ्या बाजूची जागा काय वाईट होती?"

"तिथं बाया टोपली कुठं लावतात ते बघून येईल पोरगी," बायजा म्हणाली. "जागा असली तर तुझं नाव सांगू?"

गुरुवारपर्यंत उन्नतीचा हात साडेतीन मिनिटांवर आला. शुक्रवारी सकाळी दिनानाथ, म्हणजे तिचे वडील, होडीवरून आले ते एक टपोरा जिताडा वेगळा काढूनच. तो दिवस जाळ्याला वाईट होता; लिलावात दुसरा जिताडा नव्हताच. मोबाइल धरायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी, सुकाणू धरावं तसा धरला.

उन्नतीने कल्ल्यामागे तिरका छेद घेतला, सुरी वळवली आणि शेपटीपर्यंत नेली. कट्-कट् अखंड वाजलं. एक बाजू सुटली, मासा उलटला, दुसरीही सुटली. दोन स्वच्छ फिले फळीवर शेजारी शेजारी ठेवले. आता कॉलेजात शिकवल्याप्रमाणे उरलेलं बालदीत सारून फळी पुसायची, एवढंच राहिलं होतं. तिने काटा आणि डोकं कडेला सरकवलं. डोकं बालदीत पडणार, तोच बाजूने हिरव्या बांगड्यांचा एक हात आला आणि ते अलगद उचलून घेऊन गेला.

"आये! काय केलंस!"

बायजा डोकं हातात धरून उभी. "बालदीत टाकत होतीस..."

"व्हिडिओ चालू होता! दुसऱ्या कुणाचा हात नको होता!"

"मी बंद नाय केला हां," दिनानाथ घाईघाईने म्हणाले. "बंद करायचा नव्हता ना?"

दुसरा जिताडा नव्हता आणि दुपारची वेळ गाठायची होती. आहे तोच व्हिडिओ गेला. बायजाने डोक्याचं कालवण केलं. घरात डोकं नेहमी उन्नतीच्या ताटात पडतं, तसं ते आजही वाढलं. उन्नतीने रुसूनच, पण गालाचं मांससुद्धा सोडलं नाही. बायजाने मात्र त्या दिवशी कुणालाच काही विचारलं नाही. संध्याकाळी बाजारात तीन गिऱ्हाइकं मासे घेऊन गेली आणि ती नुसतीच कापत राहिली. उर्सुलाने दोनदा वळून पाहिलं.

सोमवारी दुपारी शेफचं उत्तर आलं. एकच ओळ होती: शेवटी एक हात येतो, डोकं कुठे गेलं?

उन्नतीने कॉलेजच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, स्वच्छतेचा प्रश्न दिसतोय. कचऱ्यात टाकलं म्हणून लिही आणि माफी माग. ती तसं टाइप करायला लागली.

"काय लिहितेस?" बायजाने विचारलं. तीन दिवसांतला तिचा हा पहिला प्रश्न. उन्नतीने वाचून दाखवलं.

बायजाने मोबाइल जवळ ओढला. "हात कोनाचा, ते विचारलंय काय त्याने?"

"नाही."

"फिलेचं काय?"

"काहीच नाही."

"मग त्याला डोक्याचीच काळजी हाय. ज्याला डोक्याची काळजी, तो मासे खानारा मानूस. त्याला कशाला फसवतेस? खाल्लं आपन, तर खाल्लं म्हन."

"आणि जागा गेली तर?"

"माझ्या हाताने गेली म्हनशील," बायजा म्हणाली.

लिहिलेलं पुसून उन्नतीने नवीन लिहिलं: हात माझ्या आईचा. आमच्याकडे डोकं टाकत नाहीत. तिने चिंच आणि लाल मसाला घालून त्याचं कालवण केलं आणि मी ते खाल्लं.

बुधवारी बायजा टोपलीपाशी असतानाच उन्नती धावत आली. हॉटेलचं पत्र आलं होतं. रुजू व्हायची तारीख होती, व्हिसासाठीचा कागद होता. खाली शेफने स्वतः लिहिलं होतं: बाकी सगळ्यांनी डोकं बालदीत टाकलं. आमच्याकडे त्याचं सूप होतं. फिलेच्या कडा अजून ओबडधोबड आहेत, त्या इथे शिकवू. आईला काही विचारायचं असेल तर विचारू दे.

"बघ, विचार म्हनतो!" बायजाने उर्सुलाला कोपराने ढोसलं. मग ओले हात पदराला पुसून म्हणाली, "लिही. तिथं भरती केवढी चढते?"

संध्याकाळी उत्तर आलं: अमावास्येच्या सुमाराला साधारण साडेतीन मीटर. बायजाने दिनानाथना धक्क्यावर नेलं आणि भिंतीवर ओहोटीच्या पाण्यापासून साडेतीन मीटर कुठवर येतात ते दाखवायला लावलं. तिथलं ओलं शेवाळ तिने निरखून पाहिलं, मग त्याच्या वर आपल्या भरतीच्या पाण्याची खूण पाहिली.

"आपल्यापेक्षा कमीच," ती म्हणाली. "सोसेल पोरीला."