‘मारलं’ म्हणजे काय

चूक माझी होती. आपल्याकडे ‘मारलं’ म्हणजे थोबाडीत दिली असंही होतं आणि जीव घेतला असंही. अरबीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. मी चुकीचा सांगितला.

पंचवीस वर्षांपूर्वी सौदीत, बुरैदाजवळच्या एका गावात मी पंपांच्या दुकानात कामाला होतो. थोडं अरबी येई, म्हणून पोलीस अधूनमधून दुभाष्या म्हणून बोलवत. एका सकाळी खजुराच्या बागेत, विहिरीपाशी, एक मजूर मेलेला सापडला. आदल्या संध्याकाळी त्याच्याशी भांडलेला गडी आमच्या रत्नागिरीकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा.

“होय रे, मारलं मी त्याला,” तो मला म्हणाला. “आईवरून बोलला तो.”

मी अधिकाऱ्याला सांगितलं, ठार केलं म्हणतोय.

गावात तपासाची यंत्रं नव्हती. वाळूतली पावलं वाचणारा एक म्हातारा बदू, वाळवंटी टोळीतला माणूस, होता. वारा लागू नये म्हणून त्याने ठशांवर खजुराची खोकी पालथी घातली होती. एकेक उचलत तो म्हणाला, “तुमचा माणूस इथूनच मागे फिरला. मेलेला त्यानंतर स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत गेलाय. त्याच्यामागे हा तिसरा. डावी टाच घासत चालतो.”

अधिकारी माझ्याकडे वळला. “तो नक्की काय म्हणाला होता?”

त्या क्षणी मला माझी चूक कळली. पण खोटा दुभाष्या ठरलो तर माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर मी तिथे होतो तो मालक, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द करून घरी धाडेल, ही भीती. “तेच म्हणाला,” मी बोललो.

तो तुरुंगात गेला. शिक्षा झाली असती तर त्याची मान गेली असती. म्हातारा मात्र रोज बाजारात बसून लोकांचे पाय बघत राहिला. चार महिन्यांनी ती टाच त्याला दिसली, आणि त्या माणसाने खून कबूल केला.

तोवर कोकणात बातमी पोचली होती. मुलगा खुनी आहे, एवढंच ऐकून त्याची आई गेली. तो सुटून दुकानात भेटायला आला, तेव्हा मी मागच्या दाराने निघून गेलो.

गेल्या वर्षी तो रियाधला पुतण्याकडे आला आणि मला शोधत माझ्या खोलीवर पोचला. पिकलेली दाढी, हातात काठी. मला मिठी मारून म्हणाला, “त्या दिवशी तू नसतास तर माझ्या बाजूने कोण बोललं असतं रे?” मग हळूच, “मी खून केला नाही, आईला तेवढं कळायला हवं होतं.”

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि समोर उभा राहिलो.

“भाई, ‘ठार केलं’ हे मीच सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा कळत असूनही तेच सांगितलं. मला माफ करा.”