कूलरच्या पंपासाठी टूलचेन

निवृत्त होऊन वर्ष होईपर्यंत घरातली बिघडलेली प्रत्येक वस्तू मी दुरुस्त करून टाकली होती. मग न बिघडलेल्या हाती घेतल्या. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं मेंटेनन्सला काढली, पॅनेल, रिले आणि मोटारींच्या संगतीत. असा माणूस दिवसभर घरात मोकळा सुटला की काय होतं, ते माझ्या बायकोला विचारा. मी मिक्सर उघडला त्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "आता माह्या कोणत्याच वस्तूले हात लावू नोका. टेस्टर घेऊन इकडे फिरकले तर मी माहेरी चालली जाईन."

तिचं माहेर सक्करदऱ्याला. हुडकेश्वरच्या आमच्या घरून ऑटोत बसलं की चहा पचायच्या आत पोचतो. तरी धमकी ती धमकीच. मी वरच्या मजल्याकडे मोर्चा वळवला.

वरच्या खोलीत सून काम करायची. मुलगा बँकेत, त्याची बदली गोंदियाला, तो शनिवारी यायचा. सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तिकडे जाऊन यायची. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण आमचं संभाषण "जेवली का बेटा?", "हो बाबा", "बरं" यापुढे कधी सरकलं नव्हतं. ती अमरावतीकडची. वडिलांशी फोनवर बोलायची ती खणखणीत वऱ्हाडी, जिन्यापर्यंत ऐकू यायची. आमच्याशी मात्र शाळेच्या पुस्तकातलं मराठी, एकेक शब्द इस्त्री केलेला.

तिच्या खुर्चीचं चाक कुरकुरतं असं मला वाटलं. तिला तसं वाटत नव्हतं, पण ती उठून उभी राहिली. चाकाला तेल देताना मला टेबलावर बिस्किटाएवढी एक हिरवी पाटी दिसली. तिच्यावर पाय असलेला एक काळा चौकोन आणि कडेला पिनांच्या दोन रांगा.

"हे काय करते?" मी विचारलं.

"काहीही करतं बाबा. आपण सांगू ते."

"कूलरचा पंप चालू-बंद करंल?"

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा होता. आमच्याकडे कूलरचा पंप सतत चालू राहतो. वाळ्याच्या ताट्या गळेपर्यंत भिजतात, घरात दमट होतं, आणि टाकीतलं पाणी संपलं हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. मग पंप कोरडाच फिरून जळतो. दर उन्हाळ्यात हे होतं आणि दर उन्हाळ्यात दोष माझ्यावर येतो.

"करेल की," सून म्हणाली. "तुम्हीच करा. हा बोर्ड जास्तीचा आहे, घेऊन जा."

मी म्हटलं, मला कुठे येतं. ती म्हणाली, "तुम्ही आख्ख्या मशीनचं पॅनेल वायर करत होतात ना? मग येईल." एवढं मोठं वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली असावी.

मग तिनं समजावलं. हा बोर्ड इतका लहान, की याच्यावर बसून याचाच प्रोग्राम बनवता येत नाही. त्याला कीबोर्ड नाही, पडदा नाही, पुरेशी जागा नाही. म्हणून प्रोग्राम लॅपटॉपवर लिहायचा, लॅपटॉपवरच बोर्डाला कळेल अशा भाषेत बदलायचा आणि तयार झालेली फाईल केबलनं बोर्डात भरायची. या कामाची सगळी हत्यारं लॅपटॉपवर नीट मांडून ठेवायची, त्या संचाला टूलचेन म्हणतात. चेन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कारखान्यातला मोटार उचलायचा चेन-पुली ब्लॉक आला. मी तसं बोललो नाही.

"एका बटणात सगळं करणारं सॉफ्टवेअरही मिळतं," ती म्हणाली. "पण बाबा, तुम्ही बटण दाबून गप्प बसणाऱ्यांतले नाही." मला ते कौतुक वाटलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "कौतुक नाही जी ते. ओळखलं तिनं तुमाले."

मुलाचा जुना लॅपटॉप मिळाला. सुनेनं एका कागदावर सरावापुरता चार ओळींचा प्रोग्राम लिहून दिला आणि बोर्डासाठी त्याची फाईल बनवा म्हणाली. मी खाली जेवणाच्या टेबलावर बसलो. प्रत्येक अक्षर शोधून दाबायचं असल्यानं चार ओळींना दुपार लागली. लॅपटॉपमध्ये भाषा बदलून देणारा कंपायलर आधीपासून होताच, त्याला आज्ञा दिली. फाईल तयार झाली! एकही चूक नाही. मी स्वतःच्या हातानं चहा केला, तिघांचा, आणि कप घेऊन वर गेलो.

सुनेनं फाईल पाहिली. काहीतरी टाईप केलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. "बाबा, फाईल छान झाली आहे. पण ही कोणासाठी बनवली?"

"बोर्डासाठी."

"नाही. लॅपटॉपच्या कंपायलरनं लॅपटॉपसाठीच बनवली. बोर्डाला यातलं अक्षर कळणार नाही. आपल्याला असा कंपायलर हवा जो राहील लॅपटॉपवर, पण बनवेल दुसऱ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी तो कंपायलर मी उतरवून घेतला. त्याचं नाव पाहून गांगरलो. आर्म, नन, ईएबीआय, जीसीसी, मधे आडव्या रेघा. आर्म ही त्या काळ्या चौकोनाची जात, एवढं सुनेनं सांगितलं होतं. मी जिन्यात उभं राहून ओरडलो, "बेटा, हे नन काहून आहे? नन म्हणजे कोणीच नाही ना?"

"हो बाबा," वरून आवाज आला. "त्या बोर्डावर कोणीच नाही. ऑपरेटिंग सिस्टीम नाही, काहीच नाही. आपला प्रोग्राम एकटाच राहणार."

"एकटाच?"

"एकटाच. सगळं त्यालाच करायचं."

मला त्या प्रोग्रामची थोडी दया आली.

कंपायलर आला, पण हाक मारली की लॅपटॉप म्हणे, अशी आज्ञा सापडत नाही. फोल्डर माझ्या डोळ्यांसमोर उघडं, त्यात ते लांबलचक नाव ठळक दिसतंय, आणि हा म्हणतो सापडत नाही. मी तीनदा टाईप केलं. चौथ्यांदा मोठ्यानं बोललो, "अरे, इथं तर आहे बाप्पा!"

"चश्मा लावा," स्वयंपाकघरातून बायको.

"मी लावलाच आहे वं, त्याले लावायचा आहे."

सुनेनं येऊन सांगितलं की लॅपटॉप काही ठरलेल्या जागीच शोधतो. त्या जागांची यादी असते, आपलं फोल्डर तिच्यात घालावं लागतं. हे मला लगेच उमजलं. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक गृहस्थ होते. बेअरिंग मागितलं की रजिस्टर पाहून सांगत, "नाही." बेअरिंग त्यांच्या पाठीमागच्या फळीवर दिसत असायचं. पण रजिस्टरात नाही म्हणजे नाही. मी यादीत ओळ घातली, आणि तो कंपायलर पहिल्याच हाकेला ओ देऊन आपला आवृत्ती क्रमांक सांगू लागला.

पुढची फाईल मात्र मला आवडली. बोर्डाच्या आत कोणतं सामान कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत ठेवायचं, याचा तो नकाशा होता. पॅनेलच्या ड्रॉइंगसारखाच. त्यात मी इतका रमलो की बायकोनं कुकर बंद करायला सांगितलेलं ऐकलं नाही. त्या दिवशी वरणाला जरा धुराचा वास होता. जेवताना बायकोनं ते माझ्याच ताटात जास्त वाढलं.

सगळं जुळलं तोच सून चार दिवसांसाठी पुण्याला गेली. जाताना तिची केबल सोबत गेली. मला काय, केबल म्हणजे केबल. बायकोच्या फोनच्या चार्जरची काढली आणि बोर्ड जोडला. बोर्डावरचा तांबडा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे वीज पोचली, माझ्या हिशेबानं विषय संपला. पण फाईल भरायला गेलो की लॅपटॉप म्हणे, बोर्ड जोडलेलाच नाही.

मग मी जे केलं ते कारखान्यात दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला रागावलो असतो. चूक माझ्या मांडणीत आहे असं धरून सगळं पुसलं आणि पहिल्यापासून बसवलं. तेच उत्तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं, पुन्हा बसवलं. आज्ञा आता पाठ झाल्या होत्या. आंघोळ करताना मी त्या पुटपुटत होतो, आणि बाहेर बायको शेजारणीला सांगत होती, "नवीन स्तोत्र आहे वाटते."

शेवटी लाज गुंडाळून बोर्डाचा फोटो सुनेला पाठवला. खाली लिहिलं, सगळं केलं, हा बोलतच नाही. तिचं एका ओळीत उत्तर आलं, "बाबा, केबल कोणती?"

मी केबल हातात घेऊन पाहिली. मग कात्री आणली आणि तिला मधोमध कापली. आत दोनच तारा, एक लाल आणि एक काळी. बोलायच्या ज्या दोन तारा लागतात त्या नाहीतच. ती केबल फक्त चार्जिंगपुरती बनवलेली होती. बत्तीस वर्षं मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच सांगत आलो, आधी वायर तपास, मग मशीनला नावं ठेव. आणि दोन दिवस मी बिचाऱ्या लॅपटॉपला नावं ठेवत होतो.

तेवढ्यात बायको आली. तिच्या हातात बंद पडलेला फोन, माझ्या हातात कात्री.

"दोन दिवसांपासून मी केबल शोधून राहिली!" ती म्हणाली. "अन् तुमी तिचं पोस्टमॉर्टेम करून राहिले?"

सक्करदऱ्याच्या मोबाईलच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "चार तारांच्या दोन केबल द्या." दुकानदारानं मला खालून वर पाहिलं. "काका, फास्ट चार्जिंगवाली?" "चार्जिंग नाही, बोलणारी पायजे." तो थोडा मागे सरकला. मग माझं सगळं ऐकून घेतलं, टूलचेनसकट, आणि हसून म्हणाला, "डाटा केबल म्हणा ना काका सरळ." दोन घेतल्या. एक बायकोच्या हातात दिली तेव्हा तिनं आधी ती कापलेली नाही ना, ते पाहिलं.

घरी येऊन जोडली. लॅपटॉपनं बोर्ड ओळखला. फाईल गेली. पडद्यावरची पट्टी शंभरापर्यंत पोचली, आणि बोर्डाच्या कोपऱ्यातला एक हिरवा दिवा लागला, विझला, लागला, विझला. एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. मी लिहिलं होतं तसंच! मी घड्याळ लावून पाहिलं.

गच्चीवरून बायकोला बोलावलं. ती कुरड्या वाळत घालत होती, ओल्या हातांनी खाली आली. बराच वेळ दिव्याकडे पाहून म्हणाली, "बस, एवढंच? देवघरातली माळ बी लुकलुकते." पण ती लगेच गेली नाही. हात पदराला पुसत दिवा आणखी दहा-बारा वेळा लुकलुकलेला पाहून मग गेली.

मी सुनेला व्हिडिओ कॉल लावला. ती परतीच्या बसमध्ये होती, मागे लोकांची डोकी दिसत होती. मी फोन सरळ बोर्डावर धरला. ती बसभर ऐकू जाईल अशी ओरडली, "वा गा बाबा! जमलं न तुमाले!"

लगेच तिनं जीभ चावलेली मला दिसली. सासऱ्याला 'गा' म्हणत नाहीत. ते वडिलांसाठी, भावासाठी, आपल्या माणसासाठी. मी म्हणालो, "जमलं वं बेटा. केबलच खराब होती." ती हसायला लागली, मग मीही.

ती आल्यावर आम्ही दोघांनी बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा रिले जोडला आणि टाकीत पाणी ओळखणाऱ्या दोन सळया सोडल्या. पंप किती मिनिटं चालवायचा यावर आमचा पहिला वाद झाला. ती म्हणे पाच, मी म्हणे आठ, वाळा जुना आहे. आवाज चढलेला ऐकून बायको धावत आली आणि आम्ही भांडतोय हे पाहून समाधानानं परत गेली. त्या उन्हाळ्यात एकही पंप जळला नाही. बायकोला मात्र पंप आपोआप थांबलेला आवडायचा नाही. ती कूलरला चापट मारायची, म्हणून मी तिच्यासाठी वेगळं बटण बसवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर जुना लॅपटॉप बसला. मुलानं दुसरा आणून दिला, कोरा. सून वर मीटिंगमध्ये होती. मी टेबलाशी बसलो आणि कोणालाही न विचारता, कागद न पाहता सगळी टूलचेन पुन्हा उभी केली. दुपारच्या जेवणाआधी बोर्ड लुकलुकत होता. ठरवलं होतं की कोणाला सांगायचं नाही. जेवायला बसल्यावर पहिल्या घासालाच सांगून टाकलं.

सून खूश झाली. "मग आता पुढचं, बाबा. उद्यापासून इंटरप्ट शिकवते."

"ते काय असते?"

"एखादं काम नीट चालू असताना मधेच येऊन ते थांबवायचं आणि आपलंच काम आधी करून घ्यायचं."

बायकोनं भाजीचं भांडं खाली ठेवलं. "ते त्यायले शिकवू नोको वं," ती म्हणाली. "ते त्यायले येते."