बंद होणाऱ्या खेळातलं सोरट

मी जपानी मोबाईल गेम्समधलं इंग्रजी लिहिते, असं सांगितलं की कॅनडातल्या आमच्या वॉटर्लू गावच्या मराठी कार्यक्रमांत समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग विचारायचा, "आणि मेन जॉब?"

हाच माझा मेन जॉब होता. सात माणसांचा छोटा स्टुडिओ, एलआरटी ट्रामच्या स्टॉपसमोर. टोकियोतल्या एका कंपनीची गेम उत्तर अमेरिकेत चालवायचं काम आमच्याकडे होतं. माझा नवरा ओटावाजवळच्या कनाटातल्या टेलिकॉम कंपनीचं काम घरातून करायचा. त्याचं काम नेमकं काय आहे ते कोणालाच समजायचं नाही, पण त्याला कधी कोणी मेन जॉब विचारला नाही.

जपानी मी पुण्यात शिकले. नागपूरहून मुद्दाम त्यासाठी गेले तेव्हा मामा म्हणाले होते, "शिकायचीच तर जर्मन शिक, उपयोगी पडेल." मला उपयोगी पडणारी भाषा नको होती, आवडलेली हवी होती. मग लग्न झालं, कॅनडात आलो, मुलगी झाली. जपानी आता गेलीच, असं मी धरून चालले होते, तेवढ्यात ह्या स्टुडिओची जाहिरात दिसली. इंटरव्ह्यूत त्यांनी मला एका कोळिणीची कुरकुर इंग्रजीत लिहायला सांगितली. मी ती माझ्या मावशीच्या चालीवर लिहिली आणि मला घेतलं.

गेम अशी होती. समुद्रकाठच्या एका गावात जुनं सार्वजनिक स्नानगृह आहे आणि ते खेळणाऱ्याच्या हाती येतं. पाणी तापवायचं, फरश्या घासायच्या, की गाव सोडून गेलेली माणसं एकेक करून परत यायला लागतात. कोण येईल ते मात्र नशिबावर. रोज थोडे हिरे फुकट मिळतात, हवे असतील तर विकतही घेता येतात. हिरे टाकून दारावरची घंटा ओढायची. पडदा सरकतो आणि कोळीण येते, किंवा पोस्टमन येतो, किंवा तिसऱ्यांदा तोच पोस्टमन येतो. ह्याला जपानीत गाचा म्हणतात. आमच्या शाळेबाहेर गाडीवर सोरट असायचं. पैसे देऊन चिठ्ठी फाडायची आणि निघेल ते घ्यायचं. गाचा म्हणजे तेच, फोनमधलं.

गाचा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. मी वर्षानुवर्षं त्याच्या जाहिराती लिहिल्या आणि चांगल्या लिहिल्या. कोणी येणार असेल तर त्याची वाट पाहण्यात गंमत असते, ती मी शब्दांत आणायची. सोरटवाल्याकडून माझी अपेक्षा एवढीच, की मोठं बक्षीस त्या कागदात खरोखर कुठेतरी असावं आणि संध्याकाळी गाडी जागेवर असावी.

मी लागले तेव्हा ह्या धंद्याचे दिवस भरात होते. एखाद्या पात्रासाठी जपानी माणूस जितक्या मनापासून खर्च करायचा, तितका दुसरं कोणी करत नसेल. मग चीन आणि कोरियातून मोठ्या, देखण्या गेम्स आल्या, एकेकीवर सिनेमासारखा पैसा ओतलेला. जपानी खेळाडूंनी आपल्या चार जुन्या आवडत्या गेम्स सोडल्या नाहीत आणि नव्यांना जागा उरली नाही. आमच्या टोकियोवाल्यांसारख्या मधल्या कंपन्या दोन्हीकडून चेपल्या गेल्या. गेम निघायची आणि वर्षभरात तिची सेवा समाप्त. हे इतकं नेहमीचं झालं, की जपानी पोरांनी त्याला छोटा शब्द पाडला, 'साशू'. आज अमकीचं साशू, उद्या तमकीचं. आमची गेम मात्र टिकून होती. लहान होती, पण तिची माणसं इमानी होती.

त्यातलं एक इमानी माणूस आमच्याच घरात होतं. सासूबाई. सासरे गेल्यावर त्या नागपूरचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढलेली. दिवसभर माणसांच्या आवाजात राहायची सवय, आणि इथे जानेवारीत खिडकीतून दिसायचा तो फक्त ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसणारा शेजारी. एकदा त्यांनी मला विचारलं, "तू एवढं लिहितेस ते असतं तरी काय?" मी त्यांच्या टॅबलेटवर गेम टाकून दिली.

आठवड्याभरात त्या मला कामाला लावायला लागल्या. "अगं, हा पोस्टमन प्रत्येक वेळी हेच काहून म्हणतो? दुसरं वाक्य दे त्याला." मी खरंच दुसरं वाक्य दिलं. त्यांना हवी होती ती स्नानगृहाची म्हातारी मालकीण. ती जुन्या फोटोत दिसायची, पण गावात कधी यायची नाही. "ती यायला पाहिजे," त्या म्हणायच्या. "घर तिचं आहे. बाकीचे सगळे पाहुणे." फुकटचे हिरे त्या घंटेवर उडवत नसत, तिच्यासाठी साठवत होत्या. शिवाय पेन्शनमधून विकतही घेत होत्या, आणि त्यावर नवरा काही बोलला तर म्हणायच्या, "तू हॉकीची तिकिटं काढतो तेव्हा मी बोलते का?"

मालकीण येणार असल्याचं मला त्या हिवाळ्याच्या शेवटी कळलं. त्याच मीटिंगमध्ये हेही कळलं, की गेम बंद होणार आहे.

माझी मॅनेजर शेजारच्या किचनर गावातच वाढलेली, माझ्याहून लहान, सरळ बाई. तिने दार लावून मला सांगितलं. आधी मालकीण उत्सवाच्या पोशाखात येणार, मोठ्या जाहिरातीसह. 'आता ती कायमची घरी आली आहे,' ही टोकियोने दिलेली ओळ. विक्री संपली, की दोन आठवड्यांनी बंदची घोषणा. मग उन्हाळ्याआधी सर्व्हर बंद.

"म्हणजे घरात कोणी राहणार नाही हे ठरल्यावर आपण म्हणायचं, की ती कायमची आली?" मी विचारलं.

"तसं सगळेच करतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात हौस नव्हती. "शेवटच्या विक्रीतून बंद करण्याचा खर्च निघतो. बेकायदा काही नाही."

"बेकायदा नाही हे मला माहीत आहे. मी ते लिहिणार नाही."

"तू नाही लिहिलंस तर मशीन लिहील."

"मग मशीनचं नाव पुढे कर. माझ्या आवाजात ते जाणार नाही."

तिने कपाळ चोळलं आणि म्हणाली, की हे टोकियोला तूच सांग. तिला वाटलं असावं, की तिथे मी नरमेन.

हे सगळं गुपित ठेवायचा करार होता, आणि मी सही केलेली. मालकीण येतेय एवढं मात्र गेममध्ये जाहीर झालं होतं. त्या संध्याकाळी सासूबाई टॅबलेट घेऊन किचनमध्ये आल्या. चेहरा उजळलेला.

"बाप्पा, आली गं शेवटी! थोडे हिरे कमी पडतील, ते घेऊन टाकते."

मी पोळी लाटत होते. मी म्हटलं, "आई, घेऊ नका."

"काहून?"

"सांगता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी सगळी जिंदगी लोकांचे ट्रंक कॉल जोडले," त्या म्हणाल्या. "सांगता येत नाही म्हणजे काय, ते मला नको शिकवू." टॅबलेट मिटून त्यांनी टेबलावर ठेवला आणि पोळ्या शेकायला घेतल्या. मग म्हणाल्या, "पण बाकीच्यांना कोण सांगणार?"

माझी मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती. "आई, इट्स जस्ट अ गेम," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "आणि शब्द माझे आहेत."

टोकियोची मीटिंग आमच्या संध्याकाळी असायची, त्यांच्या सकाळी. पडद्यावर तिथले निर्माते होते, पन्नाशीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं होतं. कोळिणीचं बोलणं त्यांना इंग्रजीतच जास्त आवडतं, असं ते म्हणायचे. शेजारी माझी मॅनेजर बसली होती. तिला जपानी येत नव्हतं, पण सूर कळत होता.

जपानीत तोंडावर नकार देत नाहीत. 'जरा अवघड आहे' म्हणायचं आणि श्वास आत ओढायचा, समोरचा समजून घेतो. पुण्यात आमच्या बाईंनी हे आमच्याकडून घोटून घेतलं होतं. मी पंधरा मिनिटं त्या रीतीने बोलले. घोषणा आधी करू या, मग विक्री. किंवा मालकीण सगळ्यांना फुकट देऊ या. किंवा निदान ती ओळ तरी बदलू या. प्रत्येक वेळी ते मान लववून म्हणाले, की आपल्या भावना समजतात, पण वरून ठरलं आहे.

मग त्यांनीच मला वाट काढून दिली. "वेळ कमी आहे," ते हळूच म्हणाले. "तेव्हा, काकेमासेन, असं समजू का?"

काकेमासेन म्हणजे लिहू शकत नाही. जमत नाही, वेळ नाही, तब्येत नाही, काहीही. त्याने कोणाचंच काही बिघडत नाही. मी फक्त हो म्हणायची खोटी होती.

"नाही," मी म्हटलं. "काकिमासेन."

म्हणजे लिहिणार नाही. एका मात्रेच्या जागी एक वेलांटी. मॅनेजरने माझ्या हाताला हात लावला, "तू काय म्हणालीस?" तिला मी इंग्रजीत सांगितलं.

निर्मात्यांनी दिलगिरीचं लांबलचक वाक्य म्हटलं आणि मीटिंग संपली.

दोन दिवसांनी मीटिंगचा वृत्तांत सगळ्यांना आला. जपानमध्ये विक्री ठरल्याप्रमाणे होईल. इंग्रजी आवृत्तीत मात्र विक्री रद्द, कारण भाषांतर वेळेत लिहिता आलं नाही. त्यांनी काकेमासेनच लिहिलं होतं. त्यांनी आपल्या परीने माझंही ऐकलं होतं आणि वरच्यांचीही अब्रू ठेवली होती. माझ्या मॅनेजरने माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. "तू जिंकलीस," ती म्हणाली. "आता गप्प बस."

कोणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. मी त्याच मेलला सर्वांना उत्तर लिहिलं. वृत्तांतात एक चूक आहे, भाषांतर लिहिता येत होतं. मी ते लिहायला नकार दिला. कृपया दुरुस्त करावं.

मला माझा नकार आजारपणाच्या रजेसारखा नोंदवून नको होता. जपानमधल्या खेळाडूंना तर तो उपयोगी पडलाच नाही. निदान तो झाला, एवढं तरी लिहिलेलं असावं.

महिन्याभरात स्टुडिओची 'पुनर्रचना' झाली आणि तीत मी एकटीच बाहेर पडले. नवरा म्हणाला, "दुसरा मेल नसता पाठवला तर?"

"तर मी अजून तिथे असते."

"मग?"

"मग काही नाही. तिथे मी असते, माझा नकार नसता." त्याने कॉफी केली आणि आम्ही बाहेर गॅरेजसमोर उभं राहून प्यायली. बर्फ वितळायला लागलं होतं.

बंदची घोषणा झाली, तेव्हा जपानमध्ये बरीच आरडाओरड झाली. नुकतीच मालकीण घेतलेल्या लोकांनी काय काय लिहिलं ते मी वाचत होते. समाधान वाटलं असेल असं कोणाला वाटेल, तर तसं झालं नाही. मला टोकियोवाल्यांचा राग येत होता, आणि तो राग मी अजून सोडलेला नाही.

मग मॅनेजरचा फोन आला. निरोपाचं पत्र लिहायचं होतं. मशीनने लिहिलेलं तिने मला वाचून दाखवलं. ते कोणाच्याही मयतीला चाललं असतं.

"खेळणाऱ्यांना तुझा आवाज ओळखीचा आहे," ती म्हणाली. "लिहिशील?"

"लिहीन. बाहेरच्या माणसाचा पूर्ण दर लावीन, आणि एक शब्द बदलायचा नाही."

ती हसली. "मला वाटलंच."

मी ते कोळिणीच्या तोंडी दिलं. तिने साखर पेरली नाही. स्नानगृह बंद होतंय, कारण चालवणाऱ्यांना परवडत नाही, ह्यात तुमची काही चूक नाही, तुम्ही पाणी चांगलं तापवलंत, आता जाताना नळ बंद करा. सासूबाईंनी ते टॅबलेटवर वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "मालकीण आली नाही ती नाहीच," त्या म्हणाल्या. "पण हिने खरं सांगितलं." शेवटच्या दिवशी दुपारी त्या सगळ्या फरश्या घासत बसल्या होत्या. पडद्यावर 'संपर्क होऊ शकत नाही' असं आलं, तेव्हा म्हणाल्या, "लाइन कटली," आणि पडायला गेल्या.

लोक मला म्हणतात, जपानी मोबाईल गेम्सचं आता संपलंच, बरं झालं सुटलीस. मी सुटले नाही. टोकियोतल्या कामावरून निघालेल्या माणसांनी छोटे छोटे गट केले आहेत. ते लहान गेम्स काढतात, एकदाच विकत घ्यायच्या, आणि विकत घेतली की ती तुमची. त्यांना इंग्रजी लिहिणारं माणूस लागतं. पैसा तुटपुंजा असतो, म्हणून मी अधूनमधून कारच्या सुट्या भागांच्या एका जपानी कारखान्यात दुभाष्याचं कामही करते.

मधे टोरांटोजवळच्या मार्कहॅममधल्या एका मोठ्या गेम कंपनीत इंटरव्ह्यू झाला. आधीची नोकरी का सोडली, असं त्यांनी विचारलं. मी जसं घडलं तसं सांगितलं, दोन्ही जपानी शब्दांसकट. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि छान हसून मला घालवलं. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे बोलावलं होतं. नवरा म्हणाला, "ह्या वेळी जरा सांभाळून सांग."

तिथेही मी तेच सांगितलं.