तांदळातलं नाव

माझं पहिलं नाव वडिलांनी ठेवलं, दुसरं नवऱ्यानं. पहिल्याच्या वेळी मी पाळण्यात होते, तक्रार करता आली नाही. दुसऱ्याच्या वेळी चांगली बारावी पास होते, तरी केली नाही. लग्नानंतर सासरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि राहुरीकडची एक मुलगी तिथंच संपली. नाव वाईट नव्हतं. नवराही वाईट नव्हता. किडनीच्या दुखण्यानं तो फार लवकर गेला. त्याच्या जाण्याचा मला अजून राग येतो.

सासर गोदाकाठी. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल. वर्षश्राद्ध झालं आणि थोरल्या दिरांनी आमची खोली मागितली. खताच्या गोण्या ठेवायला जागा कमी पडत होती म्हणे. मी भांडले नाही, ट्रंक भरली. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या दोन लुगडी पिशवीत कोंबून माझ्या आधीच ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. त्यांच्या मुलांनी विचारलं, तू कुठं निघालीस? हिच्याबरोबर, एवढंच त्या म्हणाल्या.

नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मला काम लागलं. दिवसभर उभं राहून नट तपासायचे, आटे बिघडलेले वेगळे टाकायचे. आधार कार्डावर माहेरचंच नाव राहून गेलं होतं, त्यामुळे गेटवर मला एका नावानं हाक मारत आणि घरी दुसऱ्या. आटे तपासायला डोळे लागतात, डोकं लागत नाही. माझ्या रिकाम्या डोक्यात त्या खताच्या गोण्या येऊन बसल्या. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलवर लिहायला लागले, व्हॉट्सअ‍ॅपच्या अशा एका ग्रुपवर, ज्यात मी एकटीच होते. बरोबरच्या बायकांना वाटायचं, हिचं कुणाशी तरी जुळलंय. मी त्यांना खुशाल तसं वाटू दिलं. कादंबरी लिहितेय म्हणून सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

सुट्टीच्या दिवशी लिहिलेलं आत्यांना वाचून दाखवायचे. त्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकायच्या आणि कादंबरीतल्या सासूवर खवळायच्या. लईच गरीब गाय केलीस तिची, म्हणायच्या, एकदा तरी पोरांना शिव्या देऊ दे तिला. मी द्यायला लावल्या. शिव्या आत्यांनीच पुरवल्या. तो भाग सगळ्यात जिवंत उतरलाय, असं पुढं पुण्याच्या प्रकाशक बाईंनी कळवलं.

त्या बाईंनी पुस्तक छापायचं ठरवलं, तशी मी घाबरले. गावानं दोन पानांत सगळ्यांना ओळखलं असतं. मला काय, मी सुटले होते. पण थोरल्या दिरांच्या मुलीचं, आत्यांच्या नातीचं, लग्न ठरत होतं, आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. पुस्तकावर माझं नाव दिसलं असतं तर त्या घराचा उंबरा त्यांना कायमचा बंद झाला असता. आणि पुस्तक मागं घ्यावं, तर माझं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काय होतं? प्रकाशक बाई म्हणाल्या, टोपणनाव घ्या, पण लवकर कळवा, मुखपृष्ठ अडलंय.

त्या दिवशी सकाळी आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मी एकेक नाव सुचवत होते. चांदण्याचं एक सुचवलं, तर त्या म्हणाल्या, ही ब्युटी पार्लरची पाटी वाटती. मोठ्या आडनावाचं एक भारदस्त नाव सांगितलं, तर ही बाई चष्मा लावून आपल्यालाच शिकवाया येईल. तिसरं मला खरंच आवडलं होतं. त्यावर, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग छापायलाच नको, राहू दे. आणि नकार कळवायला मी खरंच फोन उचलला.

आत्यांचा हात तांदळात थांबला.

"माझं घे," त्या म्हणाल्या.

"तुमचं तर सगळ्या गावाला माहीत आहे."

"ते न्हाई. माहेरचं."

इतकी वर्षं आम्ही एका छपराखाली काढली, आणि आत्यांना माहेरी काय म्हणत, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. त्यांच्या वेळी ताट नव्हतं की अंगठी नव्हती. घरात त्याच नावाची नणंद होती, म्हणून सासऱ्यांनी दारातच दुसरं नाव सांगून टाकलं. जुन्या नावानं हाक मारणारे आईवडील गेले, मागनं भाऊही गेला.

"सासरी आता कुनाच्या ध्यानात न्हाई ते," त्या म्हणाल्या. "कुनी वळखनार न्हाई. आन् नुसतं पडून हाय बघ."

त्यांनी नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही, पुस्तकावर आहे. मला रडू आलं. त्यांनी तिकडं लक्ष न देता ताट माझ्यापुढं सरकवलं आणि लिहून दाखव म्हणाल्या. मी बोटानं तांदळात लिहिलं. आडनाव लावलं नाही. चौथी शिकलेल्या आत्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, अक्षरातला एक खडा वेचून बाहेर टाकला आणि म्हणाल्या, आता भात टाक, भूक लागली.

पुस्तक निघालं. लग्नही झालं. आत्या जाऊन, जिलेबी खाऊन, नातीच्या गळ्यात पडून रडून आल्या. दिरांच्या घरात पुस्तक गेलं असलं तरी मला चिंता नाही, तिथं वाचतंय कोण.

मग नगरच्या एका वाचनालयानं छोटासा सत्कार ठेवला. आत्या नवं लुगडं नेसून माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निवेदकानं माईकवरून लेखिकेचं नाव पुकारलं. मी पदर सावरून उठणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "ओ."

आत्या उभ्या राहिल्या होत्या. गंमत म्हणून नाही. कुणी हाक मारली ते त्या मान वळवून शोधत होत्या.

त्यांना खाली बसवायला मी हात पुढं केला होता, तो मागं घेतला. निवेदक शाल घेऊन खाली आला आणि त्यानं ती आत्यांच्या खांद्यावर घातली. मी बसूनच टाळ्या वाजवल्या.