दिकेओसच्या नावाचा विलाप

ग्रीसच्या दक्षिण टोकाला, मानी भागातल्या आमच्या दगडी गावात कुणी मेलं, की आधी लिगोरूला बोलावणं जायचं, मग पाद्र्याला. मेलेल्याच्या उशाशी बसून ती विलाप गायची. त्याचं नाव घेऊन खारोसशी भांडायची. खारोस म्हणजे आमचा मृत्यू. काळ्या घोड्यावरून येतो. विहिणीशी भांडावं तसं ती त्याच्याशी भांडायची, आणि बायकांना रडू फुटायचं.

मी तिच्या शेजारची. त्या वर्षी ऑलिव्हची झोडणी संपली आणि अथेन्सहून एक प्राध्यापक आवाज टिपायचं यंत्र घेऊन आला.

"एक विलाप गा, आजी," तो म्हणाला. "हा खारोस फार जुना. आपल्या पूर्वजांच्या कथांत तो मेलेल्यांना नदीपार नेणारा नावाडी होता."

"असेल. पण घरात मढं नसताना गायलं तर तो समजतो, मला बोलावलंय."

"मग जुन्या मेलेल्यासाठी गा."

चार दिवस तो तिच्या दारात बसून होता. शेवटी लिगोरू घरापासून लांब, मळणीच्या खळ्यावर गेली आणि भर दुपारी नवऱ्यासाठी गायली. त्याला खाणीत दगडाखाली जाऊन तीस वर्षं झाली होती. काय गायली! आम्ही बांधाआड उभ्या राहून डोळे पुसत होतो. पण तिसऱ्यांदा तिने "दिकेओस, माझ्या दिकेओस" म्हटलं आणि तिची सून स्ताव्रियानी किंचाळली,

"आत्याबाई, गप्प बसा! तोंड आवरा!"

कारण आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव देतात. स्ताव्रियानीचा एकुलता एक मुलगाही दिकेओसच. तेवीस वर्षांचा, बोटीवर खलाशी.

लिगोरू पांढरीफटक पडली. त्यानंतर सुनेने तिच्याशी बोलणं टाकलं.

ईस्टरला दिकेओस धडधाकट घरी आला. म्हातारीने त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"आजपासून तू स्तामातिस. म्हणजे 'थांब'. खारोस दिकेओसला शोधत येईल, त्याला तो सापडायचा नाही."

"अगं म्हातारे, बोटीच्या कागदांवर दिकेओस आहे. पगार कोण घेणार, स्तामातिस?"

"बोटीवर जाऊच नकोस."

"आणि इथे काय करू? दगड चाटू?"

तो हसला, पण तिचं मन राखलं. महिनाभर सगळं गाव त्याला स्तामातिस म्हणत होतं. एकदा चुकून जुनं नाव माझ्या तोंडून निघालं, तर लिगोरूने माझ्या पायाशी थुंकून दृष्ट काढली. मग बोटीचं बोलावणं आलं आणि तो गेला. तिने रस्त्यापर्यंत जाऊन त्याची बाही धरली होती. त्याने हळूच बोटं सोडवली.

ऑगस्टात तार आली. टपालवाल्याने डोक्यावरची टोपी काढली, तिथेच आम्ही समजलो. दिकेओस वादळात बोटीवरून पडला. प्रेत सापडलं नाही.

"या घरात त्या नावाचं कुणी नाही," लिगोरू म्हणाली. "परत ने."

टपालवाला तार हातात धरून उभाच राहिला. शेवटी स्ताव्रियानीने ती घेतली.

दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे त्याचे कपडे पलंगावर माणसासारखे मांडले. सदरा, विजार, पायाशी बूट. आम्ही गोल करून बसलो आणि लिगोरूकडे पाहू लागलो. ती दारातून आत येईना.

"गा, आत्याबाई," सून म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती सासूशी बोलत होती. "त्याला विलापाशिवाय नका पाठवू."

"नाही गं. माझ्या तोंडून आणखी नको."

मग जन्मात कधी न गायलेली स्ताव्रियानी उठली, मुलाच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि फाटक्या आवाजात सुरुवात केली. म्हातारी डोईच्या रुमालाचा बोळा तोंडात धरून ऐकत होती.

आता गावात कुणी गेलं की स्ताव्रियानीलाच बोलावतात. चार वर्षांनी लिगोरू गेली, तेव्हाही तीच गायली. सासूला एक वाकडा शब्द बोलली नाही. खारोसला मात्र इतकं फैलावर घेतलं, की पाद्री बाहेर जाऊन उभा राहिला.