अक्काला एक खाचर हवं होतं

"मला यातलं कायबी नगं. म्हून वाटे मी पाडते."

हे वाक्य बोलणारी अक्का आज सकाळी गेली.

पुण्याजवळ भुकूमला तिच्या भावाकडे, तात्यांकडे, मी दोन खोल्या भाड्याने घेऊन काही वर्षं राहिले. सोलापूरहून नोकरीसाठी आले होते, हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत. काम मॅन्युअल लिहिण्याचं आणि इतरांचं इंग्रजी तपासण्याचं.

अक्का मागच्या खोलीत राहायची. नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली.

मला मास्तरीणबाई म्हणायची. मी कुणाची मास्तरीण नव्हते. पण फोनवर सारखी कुणाला तरी शब्द समजावत असायचे, ते तिच्या कानावर पडायचं.

"आज कुणाचं चुकलं?" भाकरी थापता थापता विचारायची.

एकदा साहेबांचं चुकलं होतं. माझ्या अप्रेझलमध्ये त्यांनी लिहिलं, ही मीटिंगमध्ये डिसइंटरेस्टेड दिसते.

मी घरी येऊन तणतणले. "अगं, त्यांना म्हणायचं होतं अनइंटरेस्टेड. म्हणजे कंटाळलेली, लक्ष नसलेली. डिसइंटरेस्टेड वेगळं. ज्याला त्यातून स्वतःसाठी काही नकोय, म्हणून जो सरळ निवाडा करू शकतो, तो. अंपायरसारखा. अंपायरला मॅचचा कंटाळा येऊन कसं चालेल?"

"मग तुला मीटिंगीत कंटाळा आला हुता का न्हवता?"

"आला होता."

"मग सायबाचं काय चुकलं?"

भाकरी करपेपर्यंत हसली.

त्याच सुमारास आमच्याकडच्या जमिनींना भाव यायला लागला. दिवसाआड जमीन घेणाऱ्यांची एखादी पांढरी गाडी दारात. तात्या आणि धाकटे अण्णा, दोघांनी वाटणी करायचं ठरवलं.

आधी अक्काला पौडला, तालुक्याच्या कचेरीत नेलं. हक्कसोडपत्रावर सही. बहिणी करतात तशी. भावांनी साडीचोळी केली.

मग वाटे कुणी पाडायचे यावरून जुंपली. तात्यांनी पाडले तर अण्णांना संशय, अण्णांनी पाडले तर तात्यांना. भावकीतल्या कुणाला बोलवावं, तर तो या नाहीतर त्या बाजूचा.

दोघांचे आवाज चढले तेव्हा अक्का चुलीपुढून उठली आणि ते वाक्य बोलली.

वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, लगेच म्हणाल्या, "व्हय, अक्कास्नीच पाडू द्या. त्यांचं कशातच मन न्हाई."

ठरलं. वाटे अक्कानं पाडायचे, आधी अण्णांनी उचलायचं, कारण ते धाकटे.

रविवार होता. मीही गेले.

अक्का घमेल्यात चुना घेऊन बांधावरून चालत होती. मागे दोघे भाऊ. जिकडे रस्त्याकडची जमीन जास्त, तिकडे पाण्याची भातखाचरं कमी. पुन्हा मागे यायची, पायानं पुसून रेघ मोडायची, नवी ओढायची.

ओढ्याकडच्या शेवटच्या खाचरापाशी ती थांबली.

बराच वेळ.

मला वाटलं, ऊन लागलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. घेतली नाही. मग वाकून रेघ ओढली.

अण्णांनी एक वाटा उचलला, उरलेला तात्यांना. ओढ्याकडचं खाचर तात्यांच्या वाट्यात गेलं. दोघं भाऊ त्या संध्याकाळी एका ताटलीतून भजी खात बसले होते. आजूबाजूच्या घरांत तेव्हा जमिनीवरून काय चाललं होतं ते माहीत असलेल्यांनाच याची किंमत कळेल.

ऑफिसात नव्या मुलांना शिकवताना मी हेच उदाहरण द्यायला लागले. बोर्डवर दोन शब्द. अनइंटरेस्टेडखाली मीटिंगमधली माझी जांभई. डिसइंटरेस्टेडखाली अक्का.

मुलं परत कधी गोंधळायची नाहीत.

पुढे मी पुण्यात फ्लॅट घेतला, पण जाणं-येणं राहिलं. मागच्या वर्षी ती आजारी पडली तेव्हा भेटायला गेले. हसवावं म्हणून म्हटलं, "अक्का, तू आमच्या ऑफिसात फेमस आहेस." आणि बोर्डचं सगळं सांगितलं.

भिंतीला टेकून ऐकत होती.

"मला काय नगं हुतं, आसं शिकवतीस व्हय त्यास्नी?"

"हो. मग?"

"हवं हुतं की."

"काय हवं होतं?" मी विचारलं.

"वढ्याकडचं खाचर. आईसंगं पयली लावणी म्या तितं केली. आंबेमोहर. निसवून लोंब्या आल्या की वास हितवर यायचा. तेवढं एकच हवं हुतं."

"अगं, मग मागितलं का नाहीस?"

"मागितलं आसतं तर मी बी हिस्सेदार झाले आसते. मग माझी रेघ कोण मानतंय? दोघं कोर्टात म्हातारं झालं आसतं."

आणि डोळे मिटून:

"तुज्या त्या बोर्डावर खोटं लिवू नगं, मास्तरीणबाई."

बोर्डवर अजून अक्काच आहे. फक्त आता मी हेही सांगते की या बाईला त्यातलं एक खाचर फार हवं होतं. मुलं विचारतात, मॅडम, मग ती डिसइंटरेस्टेड कशी?

मी त्यांना ती रेघ फळ्यावर काढून दाखवते. तिच्या मनाकडे कुठेच वळलेली नाही ती.

अक्का, नीट जा. सारखी चूल सोडून उठत होतीस, आता बस.

आणि तात्या, तुम्ही फेसबुकवर नाही, पण तुमचा मुलगा बापू हे वाचून दाखवेल.

परवा अक्काला सावडायचं आहे. ओढ्याकडच्या खाचराचा सौदा झालाय, इसार घेतलाय, हे मला माहीत आहे. तिथे रक्षा टाकली म्हटल्यावर घेणारे कुरकुरतील, हेही कळतं. तुम्ही नाही म्हणाल. जुन्या भाडेकरणीनं आमच्या घरात बोलू नये, असंही म्हणाल, आणि त्यात तुमचं चुकणार नाही.

तरी मागते.

एक मूठ त्या खाचरात टाकू द्या.