नळाला बांधलेलं फडकं

दत्तगुरूंवर रागावायचा मला हक्क आहे असं मी समजत होते. विठ्ठलवाडीच्या आमच्या लहानशा दत्तमंदिरात सोळा वर्षं दर गुरुवारी प्रसादाचा शिरा मीच करत आले. उलथनं कधी कुणाच्या हातात दिलं नाही, कारण बायका गप्पा मारत ढवळतात आणि शिऱ्याच्या गुठळ्या होतात. इतकं करून मला मिळालं काय? तर डायबेटिस. त्यात प्रसादाची साखर बाधत नाही असा माझाच कायदा, त्यामुळे दर गुरुवारी वाटीभर शिरा पोटात जायचा. घरचे ओरडायचे, मी त्यांच्यावर ओरडायचे.

भीती मात्र एकाच गोष्टीची होती. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, साखरेनेच किडन्या जाऊन डायलिसिसवर गेला. कळव्याच्या हॉस्पिटलात त्याच्या डायलिसिसच्या खुर्चीशेजारी मी तीन वर्षं बसले, आणि शेवटी तो गेलाच. म्हणून गेल्या वर्षी रिपोर्टमध्ये किडनीच्या गाळण्याचा वेग नेहमीपेक्षाही जास्त आलेला पाहिला, तेव्हा मला आनंदाने काही सुचेना. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग डॉक्टरांना दाखवायच्या आधीच देवळात पेढे वाटले. एक स्वतःही खाल्ला.

डॉक्टर डोंबिवलीचे, शांत माणूस. रिपोर्ट बघून म्हणाले, "ताई, हा वेग चांगला नाही. साखरेमुळे किडनीतल्या बारीक गाळण्यांवर दाब पडलाय. त्या जास्तीचं काम ओढतायत, म्हणून आकडा मोठा दिसतो. अशाच दमत दमत एक-एक बंद पडतात. लघवीतून प्रथिनं जायला लागलीत बघा." त्यांनी दाब कमी करणारी एक गोळी लिहून दिली. पुढेही ते काहीतरी सांगत होते, पण माझं लक्ष कुठे होतं? देवळात सगळ्यांना पेढे वाटून झाले होते माझे!

दीड महिन्याने पुन्हा तपासलं, तर आकडा उतरलेला. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दादाचाही असाच उतरत गेला होता. चांगल्या चाललेल्या किडनीची या गोळीने वाट लावली, असं मी ठरवून टाकलं. गोळी बंद केली आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. डॉक्टरांकडे जायचं टाळलं. तीन आठवडे देवासमोर हात जोडायचे आणि मनात त्याला नको नको ते बोलायचे. सोळा वर्षं राबवून घेतलंस, आता दादाच्या खुर्चीत बसवतोस का रे मला?

अशाच एका गुरुवारी मी देवळाच्या स्वयंपाकघरात रवा भाजत होते. त्या आठवड्यात पाणी गढूळ येत होतं, म्हणून नळाला पंच्याचं फडकं बांधलं होतं. शिऱ्याला उशीर होत होता, तेव्हा मी नळ पूर्ण सोडून पातेलं खाली लावलं. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई प्यायला पाणी मागायला आत आली. पाणी राहिलं बाजूला, ती नळाकडेच बघत उभी राहिली.

"अहो ताई, धार बारीक करा ना. एवढ्या जोराने फडकं फाटेल, आणि गाळ सगळा खाली उतरतोय बघा."

एक तर उशीर, त्यात ही शिकवणार! "पातेलं भरायला मग वर्ष लागेल," मी फटकारलं.

"लागू दे की वेळ. फडकं तरी टिकेल," ती म्हणाली, आणि तिनेच नळ बारीक केला.

मी पातेल्यात वाकून पाहिलं. तळाशी लाल गाळ बसला होता. फडक्याचा मधला धागा विरला होता. आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द कानात परत आला. पेढ्यांच्या नादात न ऐकलेलं शेवटचं वाक्यसुद्धा: "गोळीने दाब कमी झाला की आकडा आधी थोडा उतरेल, घाबरू नका, बंद करू नका, फक्त तपासायला या." मी तिथेच पाटावर बसून रडायला लागले. रवा करपायला आला तशी त्या बाईने माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि मी दिलं. शिरा तिने केला. डोळे पुसून मी बाहेर आले तेव्हा ती आरतीच्या गर्दीत मिसळली होती. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांसमोर सगळं कबूल केलं. बोलणी खाल्ली. गोळी पुन्हा सुरू झाली. आकडा थोडा उतरून तिथेच थांबला आणि लघवीतली प्रथिनं हळूहळू कमी झाली. आजार गेला नाही, जाणारही नाही म्हणतात. शेजारणी म्हणतात, प्रत्यक्ष दत्तगुरूच आले. मला ते ठरवता येत नाही. मी एवढंच म्हणते, पाठवलं त्यानेच असणार, कारण माझ्याशी एवढ्या शांतपणे बोलणारं दुसरं कोण आहे?

आता शिरा बायका आळीपाळीने करतात. गुठळ्या होतात. मी ओठ घट्ट मिटून बसते आणि बोटाच्या टोकावर येईल एवढाच प्रसाद घेते. महाराज, माझी धार बारीक केलीत, उपकार झाले. पण तीच बाई दादाकडे का नाही हो पाठवलीत? बाकी सगळं तुमच्या पायाशी ठेवलंय. हा एवढा राग माझ्याकडे राहू दे.